स्थानिक नभोवाणीतील 'येथे' : धाराशिव जिल्ह्यातील मार्गांवरून एक भाषिक विचार

१

स्थानिक नभोवाणीचा विचार आपल्याकडे आजवर बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. पहिले अंग विकासाचे. शेतकऱ्यास माहिती पोहोचली की नाही, लसीकरणाचा वा पीकविम्याचा प्रचार झाला की नाही, ह्याची मोजदाद त्या अंगाने होते. दुसरे अंग रंजनाचे असून गीते कोणती लावली जातात व ती कोणास आवडतात, एवढ्यापुरते ते मर्यादित राहते. नभोवाणी ही प्रथमतः एक भाषिक कृती आहे, ती कोणीतरी कोणालातरी उद्देशून कोठूनतरी केलेली असते, ही साधी गोष्ट ह्या दोन्ही विचारांत मागे पडते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे, आणि तो एका विशिष्ट श्रोत्याच्या बाजूने करावयाचा आहे. हा श्रोता म्हणजे गावात नव्याने आलेला व स्वतः मोटार चालविणारा मनुष्य होय.

असा श्रोता निवडण्यास कारण आहे. घरी बसून ऐकणाऱ्या जुन्या रहिवाशास नभोवाणीतील उणीव सहसा जाणवत नाही. निवेदकाने जे सांगितले नाही ते तो आपल्या पदरचे घालून समजून घेतो. नवख्यापाशी असे पदरचे काही नसते. शिवाय मोटार चालविताना डोळे रस्त्यात गुंतलेले आणि हात चाकावर असतात. कान तेवढा मोकळा राहतो. कागद पाहून खात्री करून घेण्याची वा कोणास विचारण्याची सोय त्या क्षणी नसते. म्हणून नभोवाणीच्या भाषेतील स्थानिकता किती खरी आहे हे तपासण्यास हा कान सर्वांत कठोर परीक्षक ठरतो.

हा श्रोता काल्पनिकही नाही. धाराशिव जिल्ह्यात बदलीवर आलेले शिक्षक, बँकांतील कर्मचारी, कृषी व आरोग्य खात्यांतील अधिकारी, विद्यापीठाच्या उपपरिसरातील अध्यापक, तुळजापूरच्या वाटेवरील यात्रेकरू, सोलापूरहून हैदराबादेकडे नळदुर्ग-उमरग्यावरून जाणारे वाहनचालक, हे सर्व ह्याच वर्गातील होत. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली तीत ह्या जिल्ह्याचा समावेश होता. अशा जिल्ह्यात येणारा नोकरदार पुष्कळदा परतीचा दिवस मोजतच येतो. तो येथे केवळ राहणार की येथला होणार, हे ज्या अनेक लहान गोष्टींवर ठरते, त्यांत त्याच्या कानावर रोज काय पडते हीही एक गोष्ट आहे. प्रश्न म्हणूनच केवळ कार्यक्रमांच्या गुणवत्तेचा नाही.

२

पुढील विवेचनासाठी थोडी ऐतिहासिक पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याचे उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्यावरून पडलेले होते. २०२३ मध्ये शासकीय नाव धाराशिव झाले. संस्थानच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९३५ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या 'डेक्कन रेडिओ'चीही प्रमुख भाषा तीच होती. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र 'ऑल इंडिया रेडिओ'कडे आले. पुढे १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या साह्याने, शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. १५० खेडी निवडण्यात आली. खेडुतांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत अशी योजना होती. खेड्याने नभोवाणीस उलट बोलावे ही कल्पना मराठी मुलुखात प्रथम तेथे पद्धतशीरपणे आजमावली गेली. परंतु ही सर्व खेडी तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांतील होती. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्यामुळे ह्या प्रयोगाच्या बाहेर राहिला.

भाषाभ्यासाच्या बाबतीतही असेच घडले होते. ग्रीअर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हैदराबाद संस्थान ह्या सर्वेक्षणाच्या कार्यक्षेत्रातून वगळलेले होते. सारांश, ह्या भागातील बोललेली मराठी जशी सर्वेक्षकाच्या वहीत उतरावयास हवी होती तशी उतरली नाही, आणि ध्वनिक्षेपकावरही तिला दीर्घकाळ जागा मिळाली नाही. १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोइल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र निघाले व त्या धोरणाच्या ओघात लहान जिल्ह्यांच्या ठिकाणी एफ. एम. केंद्रे आली. धाराशिव येथील केंद्र ह्याच परंपरेतील होय. जेथे पूर्वी दूरच्या राजधानीचा आवाज ऐकू येत असे तेथे जिल्ह्याचा आवाज ऐकू यावा, हे ह्या केंद्रांचे प्रयोजन. तेव्हा हा आवाज जिल्ह्याचा आहे म्हणजे नेमके काय, असे विचारणे रास्त ठरते.

३

कार्ल ब्यूलर ह्या भाषामीमांसकाने १९३४ मधील आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, प्रत्येक बोलणाऱ्याच्या भाषेस 'मी', 'येथे' आणि 'आता' असा एक मूळबिंदू असतो. 'येथे', 'तेथे', 'पलीकडे', 'उद्या', 'हा', 'तो' इत्यादी दर्शक शब्दांचा अर्थ ह्या बिंदूपासून मोजावयाचा असतो. समोरासमोरच्या संभाषणात दोघांचा 'येथे' एकच असतो. पत्रात तो निरनिराळा असतो, आणि म्हणूनच पत्राच्या वरच्या कोपऱ्यात आपण गाव व दिनांक लिहितो.

नभोवाणीची स्थिती ह्या दोहोंच्या मधली आहे. तिचा 'आता' बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास समान असतो; 'येथे' मात्र समान नसतो. निवेदकाचा 'येथे' ध्वनिमुद्रणगृहात स्थिर असतो, श्रोत्याचा त्याच्या घरात. आणि मोटारीतील श्रोत्याचा 'येथे' तर सतत पुढे सरकत असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार पंधरा मिनिटांच्या एका भाषणात पंधरा किलोमीटर पुढे गेलेली असते. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. म्हणजे तीन भाषणांत मनुष्य मैदानातून निघून, घाट चढून, बालाघाटाच्या पठारावर येतो. निवेदक 'येथे' म्हणतो तेव्हा श्रोत्याने तो शब्द कोठे ठेवावयाचा?

ह्या ठिकाणी मोटारीत आज ऐकू येणाऱ्या दुसऱ्या आवाजाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. वाट दाखविणाऱ्या भ्रमणध्वनीतील आवाजास श्रोत्याचा 'येथे' पावलापावलाने ठाऊक असतो. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' ह्या वाक्यातील 'डावीकडे' हा शब्द अगदी श्रोत्याच्या देहापासून मोजलेला आहे. परंतु ज्या गावावरून तो आपणास नेतो त्या गावाविषयी त्यास काहीच ठाऊक नसते. पुष्कळदा त्याचे नावही त्यास नीट उच्चारता येत नाही. येरमाळा, अणदूर, काक्रंबा, येणेगूर, इटकूर, ढोकी ही नावे पाटीवर वाचून अथवा यंत्राकडून ऐकून मुखात बसत नाहीत. त्यांतील 'ळ' आणि 'ण', त्यांतील दीर्घ 'ऊ'कारावरचा ठेहराव, हा कोणा माणसाकडूनच ऐकावा लागतो. स्थानिक नभोवाणीजवळ नेमकी हीच संपत्ती आहे. यंत्राला 'येथे' कळतो पण गाव कळत नाही. नभोवाणीला गाव कळते पण श्रोत्याचा 'येथे' कळत नाही. तो न कळणे हा तिच्या माध्यमाचा धर्म असल्यामुळे त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. त्या मर्यादेवर ती भाषेच्या साधनांनी मात कशी करते, हेच समीक्षेने पाहावयाचे आहे.

४

त्यासाठी भाषाविज्ञानातील एक परिचित उपकरण येथे वापरता येईल. एखाद्या भाषेत दोन ध्वनी अर्थभेदक आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी आपण एकाच्या जागी दुसरा घालून पाहतो. अर्थ बदलला तर भेद खरा, न बदलला तर तो केवळ उच्चारातील छटा. हीच प्रतिस्थापनाची कसोटी कार्यक्रमांस लावून पाहावी. ज्या कार्यक्रमात 'धाराशिव' ह्या नावाच्या जागी 'बीड' किंवा 'नांदेड' घातले असता काहीही बिघडत नाही, त्यातील स्थानिकता केवळ छटेची आहे. ज्यात नाव बदलताच वाक्य खोटे वा निरर्थक होते, त्यातील स्थानिकता अर्थाची आहे.

ह्या कसोटीस कार्यक्रमांचे नेहमीचे प्रकार लावून पाहिले असता निष्कर्ष काहीसा अनपेक्षित येतो. गंभीर समजली जाणारी भाषणे तीत पुष्कळदा अनुत्तीर्ण होतात. सोयाबीनवरील कीड, मधुमेहातील पथ्य, व्यक्तिमत्त्वविकास, थोर पुरुषांची जयंती, ह्यांवरील लिहून आणलेले भाषण कोणत्याही केंद्रावरून जसेच्या तसे वाचता येते. त्यात 'आपल्या जिल्ह्यातील शेतकरी बांधवांनी' एवढा शब्दसमूह असतो. पण तो कोणत्याही जिल्ह्यास बसतो. उलट हलकाफुलका मानला जाणारा फर्माईशी गीतांचा कार्यक्रम कसोटीस उतरतो. गीत कोठलेही असो. ते ऐकविण्यापूर्वी वाचली जाणारी श्रोत्यांची व गावांची नावे बदलता येत नाहीत. मुरूम, जळकोट, तेरखेडा, ईट, पारगाव अशी नावे ज्या क्रमाने व ज्या सहजतेने उच्चारली जातात त्यातून नवख्याच्या मनात जिल्ह्याचा एक नकाशा आपोआप तयार होऊ लागतो. झुमरी तलैया ह्या लहानशा गावाचे नाव साऱ्या देशास माहीत झाले ते रेडिओ सिलोन व विविध भारती ह्यांवरील अशाच फर्माईशींमुळे. गीताच्या निमित्ताने गाव ऐकू येते. आणि ज्यास आपण भरताड समजतो तोच भाग स्थानिक नभोवाणीचा खरा भौगोलिक कोश असतो.

बाजारभावाचे उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. शासकीय नकाशाप्रमाणे जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा. परंतु मालाची वाट ह्या रेषा मानीत नाही. भूम-परंड्याकडील माल बार्शीस जातो व बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे. पूर्वेकडील शेतकऱ्याचे लक्ष लातूरच्या मोंढ्याकडे असते. 'मोंढा' हा शब्दच पाहा. मराठवाड्याबाहेरून आलेल्या मनुष्यास तो प्रथम अपरिचित वाटतो; दोनतीन दिवस भावांच्या संदर्भात ऐकल्यावर तो धान्यबाजाराचा वाचक आहे हे कोणी न सांगता उमगते. स्थानिक केंद्रावरून जेव्हा जिल्ह्याबाहेरच्या बार्शी-लातूरचे भाव सांगितले जातात, तेव्हा ते केंद्र शासकीय जिल्ह्याचे न राहता लोकांच्या व्यवहारातील जिल्ह्याचे होते. हीच स्थानिकतेची उत्तम खूण होय.

आता कसोटीचे सर्वांत कठीण उदाहरण घेऊ. आश्विन पौर्णिमेस तुळजाभवानीच्या दर्शनास सोलापुरातून व पलीकडून कर्नाटकातून फार मोठा जनसमुदाय पायी चालत येतो, आणि त्या काळात सोलापूर-तुळजापूर मार्गावरील वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते. 'उद्या कोजागरी' एवढे दोन शब्द जुन्या रहिवाशास पुरेसे आहेत. त्यांतच 'उद्या सोलापूरच्या वाटेने मोटार काढू नका' हे वाक्य त्यास ऐकू येते. नवख्यास त्या शब्दांतून दुधाच्या पातेल्यावाचून काहीही दिसत नाही. वाक्य एकच, व्याकरण एकच, आणि तरी एका श्रोत्यास ते सूचना आहे तर दुसऱ्यास केवळ पंचांग. निवेदकाने 'सोलापूरकडून येणाऱ्यांनी' एवढे एक पद जोडले की दोघांचाही प्रश्न सुटतो. रहिवाशास त्यात काही फाजील वाटत नाही. नवख्यास आपल्या सरकत्या 'येथे'साठी एक खुंटी मिळते. 'कडून', 'कडे', 'अलीकडे', 'पलीकडे' ही मराठीतील लहान शब्दयोगी अव्यये नभोवाणीच्या निवेदनात किती मोलाची आहेत हे ह्यावरून कळावे.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या गावांबाबत तर ह्या खुंटीची गरज अधिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या त्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याबरोबरच सध्याच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावेही उद्ध्वस्त झाली. अनेक गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसविण्यात आली, आणि नावे मात्र जुनीच राहिली. अशा गावाचे नाव उच्चारताना रहिवाशाच्या मनात दोन जागा असतात. नवख्याच्या मनात फार तर एक. ह्या गावांविषयी बोलताना 'जुन्या गावात' आणि 'नव्या गावात' असा भेद करणे हे केवळ स्थलवर्णन नव्हे. एका पिढीच्या आठवणीस दिलेला तो मान आहे.

५

स्थलनामांनंतर संबोधनाचा विचार क्रमप्राप्त आहे. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' हे व्यावर्तक रूप, म्हणजे ऐकणाऱ्यास वगळणारे. 'आपण' हे समावेशक, ऐकणाऱ्यास आपल्यात घेणारे. हा भेद शेजारच्या तेलुगूत आहे, प्रमाण हिंदीत नाही. शिवाय मराठीतील 'आपण' आदरार्थी द्वितीयपुरुषाचेही काम करते. 'आपण ऐकत आहात' ह्यात श्रोता समोर आहे. 'आपण ऐकत आहोत' ह्यात तो शेजारी बसला आहे. सर्वनाम तेच, एका क्रियापदाच्या प्रत्ययाने श्रोत्याची जागा बदलते.

नभोवाणीचे निवेदन ह्या दोन अर्थांमध्ये सारखे ये-जा करीत असते. प्रारंभीची घोषणा आदरार्थी असते. पण बोलणे पावसावर, रस्त्यावर, पिकांवर आले की 'आपल्याकडे अजून पाऊस नाही', 'आपल्या जिल्ह्यात' असे समावेशक प्रयोग सुरू होतात. जुन्या रहिवाशाचे त्यांकडे लक्षही जात नाही. परंतु काल ह्या गावात आलेल्या मनुष्यास 'आपल्याकडे' ह्या शब्दात कोणीही न विचारता घरात घेतलेले असते. कार्यालयात तो 'पुण्याकडचे साहेब' असतो, घरमालकास 'भाडेकरू' असतो. मोटारीत, त्या एका शब्दापुरता, तो 'आपल्यातला' होतो. लेखी सूचनापत्रकात हे घडत नाही. तेथे 'सर्व संबंधितांस' असे लिहिलेले असते. हिंदीतून येणाऱ्या राष्ट्रीय प्रक्षेपणातही ते घडत नाही, कारण तेथील 'हम' हा शब्द श्रोत्यास आत घेतो की बाहेर ठेवतो हे रूपावरून कळत नाही. स्थानिक मराठी नभोवाणीस भाषेनेच दिलेले हे दान आहे. निवेदकांनी ते जाणीवपूर्वक वापरावे, आणि 'श्रोत्यांना कळविण्यात येते की' अशा कर्तृहीन कचेरी वाक्यरचनेने ते दवडू नये.

६

आता ह्या लेखातील मुख्य आक्षेपाकडे वळू. स्थानिक म्हणजे बोलीतील, असे एक समीकरण अलीकडे रूढ झाले आहे; निवेदकांनी जिल्ह्याची बोली बोलावी अशी मागणी त्यातून निघते. ती सदिच्छेची असली तरी टिकणारी नाही. जिल्ह्याची बोली म्हणजे कोणती? उमरग्याकडे कन्नडचा शेजार आहे, परंड्याकडील बोलणे सोलापूर-अहिल्यानगरकडे झुकते, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते, शहरांत दखनी ऐकू येते. ह्यांपैकी एकीस जिल्ह्याची ठरविणे म्हणजे उरलेल्यांस पुन्हा बाहेर ठेवणे होय. शिवाय लिहून दिलेली बोली प्रमाणभाषकाने वाचली की ती बोली न राहता सोंग होते. आणि आपल्या नभोनाट्यांतून बोलीचा उपयोग बहुतांशी विनोदासाठी झालेला असल्यामुळे ते सोंग ऐकताच हसावयाची सवय श्रोत्यास लागलेली आहे.

बोलीचा खरा प्रवेश होतो तो दूरध्वनीवरून श्रोता स्वतः बोलतो तेव्हा. ह्या प्रसंगाचे भाषिक निरीक्षण अत्यंत बोधप्रद आहे. प्रारंभी बोलणारा जपून, जमेल तितक्या प्रमाण रूपांत बोलतो. मग बोलणे त्याच्या पिकावर, विहिरीवर, आजारी बैलावर आले की जपणूक सुटते आणि 'जातो आहे', 'करतो आहे' ह्यांच्या जागी 'जायलोय', 'करायलोय' अथवा 'जाऊलालोय', 'करूलालोय' अशी ह्या भागातील अपूर्ण वर्तमानाची रूपे येऊ लागतात. विषयात मन गुंतले की बोलण्यावरील पहारा सैल होतो, हे लॅबॉव्ह ह्यांनी न्यूयॉर्क शहराच्या भाषेवरील १९६६ च्या ग्रंथात दाखविले आहे. त्याचा पडताळा पाहण्यास ह्याहून सोयीचे स्थळ सापडणे कठीण.

ह्याच क्षणी निवेदक बहुधा एक गोष्ट करतो. 'म्हणजे आपल्याला असं म्हणायचं आहे की' असा उपोद्घात करून तो श्रोत्याचे वाक्य प्रमाण मराठीत पुन्हा सांगतो. हेतू सौजन्याचा असतो. परंतु हा अनुवाद कोणासाठी? जिल्ह्यातील श्रोत्यांस स्वतःच्या बोलण्याचा अनुवाद नको आहे. तो असलाच तर बाहेरून आलेल्या मनुष्यासाठी असणार. आणि नवख्याच्या वतीने येथे स्पष्ट सांगावयास हवे की, त्यालाही तो नको आहे. 'पाणी द्यायलोय' हे ऐकून अर्थ न कळण्याइतका कोणताही मराठी मनुष्य परका नसतो. मोटारीत दोन दिवस कानावर पडले की ते रूप त्याच्या ओळखीचे होते. त्यास जे कळत नाही ते वेगळेच आहे: बोलणारा ज्या गावाचा आहे ते गाव कोणत्या अंगास, त्याने ज्या घाटाचा उल्लेख केला तो कोणता, 'पौर्णिमेची गर्दी' म्हणजे कोणत्या रस्त्यावरची. सारांश, जेथे अर्थ उलगडून सांगावयास नको तेथे तो सांगितला जातो, आणि जेथे एका पदाने उलगडा होण्यासारखा असतो तेथे मौन राहते. भाषा दुरुस्त केली जाते, स्थळ अधांतरी सोडले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते सध्याच्या स्थानिक निवेदनशैलीतील हा मूलभूत दोष आहे.

ह्या दोषाची किंमत केवळ नवखाच देतो असे नाही. ज्याचे वाक्य जाहीररीत्या पुन्हा 'नीट' सांगितले गेले, तो शेतकरी दुसऱ्या वेळी दूरध्वनी उचलताना अधिक जपून बोलेल, अथवा उचलणारच नाही. १९३२ मध्ये ब्रेख्तने नभोवाणीविषयी असे मत मांडले होते की, ती केवळ वाटप करणारी न राहता संवाद करणारी व्हावी, श्रोत्यास ऐकविण्याबरोबर बोलतेही करावे. आज दूरध्वनीने ती यांत्रिक सोय करून दिली आहे. ती सोय असताना बोलणाऱ्यास अनुवादकाच्या स्वाधीन करणे म्हणजे दार उघडून उंबऱ्यावर थांबविणे होय.

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, प्रमाणभाषेचा आदर्श श्रोत्यांपुढे ठेवणे हेही नभोवाणीचे कर्तव्य आहे. ते मान्यच आहे. निवेदकाने आपले निवेदन स्वच्छ प्रमाण मराठीत करावे. नभोवाणीने मराठीवर ह्या बाबतीत केलेले उपकार थोडे नाहीत. लेखनातील 'केंद्राचे' आणि मुखातील 'केंद्राचं' ह्यांतील अंतर राखून, बोलली जाणारी सुसंस्कृत मराठी कशी असावी ह्याचा पाठ तिनेच घालून दिला. परंतु आदर्श शेजारी ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या वाक्यावर तो चढविणे वेगळे. निवेदकाची प्रमाण मराठी व श्रोत्याची 'जायलोय'ची मराठी एकाच कार्यक्रमात, एकमेकींस न पुसता, ऐकू येणे ह्यातच जिल्ह्याचे खरे भाषिक चित्र आहे.

७

शेवटी सीमांचा प्रश्न. एफ. एम. च्या लहरी साधारणतः दृष्टीच्या रेषेत जातात; डोंगराआड त्या क्षीण होतात, घाटात तुटतात, आणि एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे आली तर ग्राहकयंत्र प्रबळ लहर घेऊन दुर्बल लहर दाबून टाकते. म्हणून मोटारीतील श्रोत्यास केंद्राची हद्द एखाद्या वळणावर अकस्मात कळते: खरखर होते आणि सोलापूरची एखादी वाहिनी बोलू लागते. बोलीची हद्द अशी नसते. 'करूलालोय' हे रूप कोणत्याही एका वळणावर संपत नाही. ते विरळ होत जाते, दुसऱ्या रूपांत मिसळते, आणि जिल्ह्याच्या रेषेस न जुमानता लातुरात व सोलापुराकडेही आढळते. भाषेच्या नकाशावर आपण ज्या समभाषारेषा काढतो त्या सोयीसाठी एकेरी असतात. प्रत्यक्षात त्या रुंद पट्टे असतात. म्हणजे नवखा मनुष्य एकाच वेळी तीन जिल्ह्यांतून प्रवास करीत असतो: शासनाचा, ध्वनिक्षेपकाचा आणि भाषेचा. ह्या तिन्हींच्या सीमा निराळ्या. स्थानिक केंद्राचे यश ते शासकीय सीमेपर्यंत पोहोचते की नाही ह्यावरून मोजले जाते; वस्तुतः ह्या तीन जिल्ह्यांचे नाते ते किती जाणते ह्यावरून ते मोजले जावे.

ह्या विवेचनातून विभागातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक कार्यही निघते. मराठीच्या बोलींचे पद्धतशीर सर्वेक्षण अलीकडच्या काळात डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था ह्यांच्या सहकार्याने झाले आहे. त्यात माहितगारास प्रश्न विचारून रूपे मिळविली जातात. दूरध्वनीवरील श्रोत्याचे बोलणे त्यास पूरक ठरेल, कारण तेथे तो भाषेविषयी बोलत नसतो, आपल्या कामाविषयी बोलत असतो. परंतु हे बोलणे हवेत विरून जाते. कार्यक्रमाची वेळ संपली की ज्या भाषेस एकदा सर्वेक्षणाने वगळले होते तिचा आणखी एक नमुना नाहीसा होतो. केंद्राच्या व बोलणाऱ्याच्या अनुमतीने अशा संभाषणांचे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर करणे, त्यात निवेदकाची 'दुरुस्ती' कोठे येते व त्यानंतर श्रोत्याची रूपे कशी बदलतात हे नोंदविणे, गावांच्या नावांचे स्थानिक उच्चार एकत्र करणे, ही कामे एका पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहेत. त्यांस खर्चिक उपकरणांची आवश्यकता नाही; चांगला कान आणि सातत्य पुरे.

निवेदकांकडून अपेक्षा दोनच आहेत. गावाचे नाव घेताना त्यास दिशेचे एखादे पद जोडावे, म्हणजे वाटेवरच्या मनुष्यास ते कोठे ठेवावे हे कळेल. आणि श्रोता आपल्या भाषेत बोलत असताना त्याचे वाक्य त्याच्यापाशीच राहू द्यावे. ह्या दोन गोष्टी साधल्या तर बाहेरून आलेला मनुष्य जिल्ह्याची नावे बरोबर उच्चारू लागेल, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोणती वाट टाळावयाची हे त्यास कोणी न सांगता समजेल, आणि कधीतरी, स्वतःच्या नकळत, तोही कोणास तरी 'आपल्याकडे अजून पाऊस नाही' असे सांगेल. त्या वाक्यातील 'आपल्याकडे' खरे ठरविणे, एवढेच स्थानिक नभोवाणीचे काम आहे. आणि ते लहान नाही.